की-बोर्ड कॉम्प्युटरला जोडायचाय? आधी योग्य कागद शोधा

घरात की-बोर्ड आहे, कॉम्प्युटर आहे, दोघांना जोडायची केबलही आणली, आणि तरी रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकही सूर उमटत नाही. अशा वेळी बहुतेक जण यूट्यूब उघडतात. तिथला माणूस वेगळ्याच मॉडेलवर, वेगळ्याच विंडोजवर काम करत असतो. त्याच्या मागोमाग बटणं दाबत अख्खी संध्याकाळ जाते.

खरं तर उत्तर कंपनीनं लिहून ठेवलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते फुकट मिळतं. फक्त ते खोक्यातल्या पातळ पुस्तिकेत नसतं. ते दुसऱ्याच एखाद्या फाइलीत असतं, आणि त्या फाइलीला काय म्हणतात हे ठाऊक नसल्यानं आपण ती शोधतही नाही. म्हणून या लेखाचा भर केबल कशी खोचायची यावर कमी आहे. कुठल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या कागदात असतं, तो कागद कसा मिळवायचा आणि हाती आल्यावर कसा वाचायचा, हे इथे सविस्तर सांगतो.

पहिली पायरी: मॉडेलचं पूर्ण नाव

की-बोर्ड उलटा करा. खालच्या पट्टीवर मॉडेलचं नाव अक्षर न अक्षर छापलेलं असतं. ते जसंच्या तसं लिहून घ्या, मोबाइलवर फोटो काढून ठेवलात तर उत्तमच. 'यामाहाचा पीएसआर' किंवा 'रोलंडचा एक्सपीएस' एवढ्यावर भागत नाही. एक्सपीएस-१० आणि एक्सपीएस-३० ही वेगवेगळी वाद्यं आहेत आणि त्यांची कागदपत्रंही वेगळी आहेत. यामाहाची पीएसआर-आय ही मालिका खास भारतासाठी निघालेली, पीएसआर-आय५०० त्यातलाच. कॅसिओच्या सीटी-एक्स९०००आयएनसारख्या नावाच्या शेवटी जे 'आयएन' येतं, तेही भारतासाठीच्या मॉडेलची खूण आहे. अशी मॉडेलं कंपनीच्या अमेरिकेच्या किंवा युरोपच्या पानावर दिसली नाहीत, तर गोंधळून न जाता त्याच कंपनीची भारतासाठीची साइट उघडा.

दुसरी पायरी: मागची भोकं ओळखा

कुठला कागद लागणार हे वाद्याच्या मागे काय आहे त्यावर ठरतं.

चौकोनी, वरचे दोन कोपरे कापलेलं यूएसबीचं भोक असेल, प्रिंटरला असतं तसं, तर ते कॉम्प्युटरसाठी. त्याच्याजवळ 'टू होस्ट' किंवा 'यूएसबी कॉम्प्युटर' असं लिहिलेलं असतं. चपटं, आडवं भोक पेन ड्राइव्हसाठी असतं आणि त्यावर 'टू डिव्हाइस' किंवा 'मेमरी' लिहिलेलं असतं. नवखी मंडळी नेमकी या चपट्या भोकाला कॉम्प्युटर जोडू बघतात. आणखी एक गोष्ट इथेच तपासा. मोबाइल चार्जरबरोबर आलेल्या काही केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतात, त्यातून फक्त वीज जाते. अशी केबल लावली तर जगातलं कुठलंही मॅन्युअल उपयोगी पडणार नाही.

पाच पिनांची गोल भोकं मूळच्या मिडीची. कुठली पट्टी दाबली अशा सूचना वाद्यांनी आणि कॉम्प्युटरनं एकमेकांना पाठवायची सामायिक पद्धत म्हणजे मिडी. या भोकांना 'इन', 'आउट' आणि कधी 'थ्रू' अशी नावं असतात. ती असतील तर मध्ये एक यूएसबी-मिडी इंटरफेस (ही भोकं कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडणारं छोटं यंत्र) लागतो, म्हणजे कागद शोधायचे ते दोन वस्तूंचे: वाद्याचे आणि इंटरफेसचे. हे दुसरं लोक हमखास विसरतात. रोलंडच्या यूएम-वन एमके-२ या इंटरफेसवर एक बारीकशी खटकी आहे, एका बाजूला 'टॅब' आणि दुसऱ्या बाजूला 'कॉम्प'. टॅबकडे असताना तो वेगळ्या ड्रायव्हरशिवाय (कॉम्प्युटरला यंत्र ओळखता यावं म्हणून टाकायचा छोटा प्रोग्रॅम) चालतो, कॉम्पकडे असताना रोलंडचा ड्रायव्हर मागतो. की-बोर्डचं मॅन्युअल शंभरदा चाळलं तरी ही खटकी त्यात सापडायची नाही.

हल्ली लहान वाद्यांवर हेडफोनसारखं साडेतीन मिलिमीटरचं मिडीचं भोकही येतं. त्याच्या तारा जोडायच्या दोन मुख्य पद्धती आहेत, 'टाइप ए' आणि 'टाइप बी'. २०१८ साली टाइप ए प्रमाण ठरली, पण त्याआधीची टाइप बी वाली यंत्रं वापरात आहेत. अडॅप्टर विकत घेण्याआधी आपलं यंत्र कुठल्या पद्धतीचं आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा.

तिसरी पायरी: कागदांची नावं

एका वाद्यामागे कंपनी एकापेक्षा जास्त फाइली काढते. नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, पण कामं साधारण ठरलेली असतात.

'ओनर्स मॅन्युअल' म्हणजे खोक्यातलं पुस्तक. चालू-बंद, आवाज निवडणं, ताल, सुरक्षेच्या सूचना. कॉम्प्युटरबद्दल यात जेमतेम पान-दोन पानं असतात. 'रेफरन्स मॅन्युअल' किंवा 'पॅरामीटर गाइड' यात प्रत्येक मेन्यूचा प्रत्येक पर्याय समजावलेला असतो. यामाहा बऱ्याच वाद्यांसाठी 'कॉम्प्युटर-रिलेटेड ऑपरेशन्स' नावाची वेगळी फाइल देते आणि नवख्यानं सगळ्यात आधी तीच उघडावी, कारण जोडणीची चित्रं आणि ड्रायव्हरची माहिती तिच्यात असते. 'डेटा लिस्ट' म्हणजे नुसते तक्ते: प्रत्येक आवाजाचा नंबर, ड्रम किटमध्ये कुठल्या पट्टीवर कुठला ठोका आहे ते, आणि शेवटी मिडीचा तपशील. रोलंड आणि कॉर्ग हाच तपशील पुष्कळदा 'मिडी इम्प्लिमेंटेशन' नावानं वेगळा देतात.

या सगळ्यांत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 'मिडी इम्प्लिमेंटेशन चार्ट'. एक पान, फार तर दोन. तुमचं वाद्य कॉम्प्युटरला काय पाठवू शकतं आणि त्याच्याकडून काय ऐकू शकतं, याचा तो कबुलीजबाबच असतो.

चौथी पायरी: शोध

आधी कंपनीच्या साइटवर जा. 'सपोर्ट' किंवा 'डाउनलोड्स' या विभागात मॉडेलचं नाव टाका. तिथे मॅन्युअल, ड्रायव्हर आणि फर्मवेअर (वाद्याच्या आतलं सॉफ्टवेअर) असे वेगळे कप्पे असतात, ते तिन्ही उघडून पाहा. ड्रायव्हरच्या फाइलीबरोबर येणारं इन्स्टॉलेशन गाइड पुष्कळ जण न वाचताच फेकून देतात. पण ड्रायव्हर आधी टाकायचा की केबल आधी लावायची, हे त्यातच लिहिलेलं असतं, आणि हा क्रम उलटा झाला की विंडोजवर बराच त्रास होतो.

साइटवर सापडलं नाही तर गुगलकडे वळा, पण शोध इंग्रजी अक्षरांत करा. मॉडेलचं पूर्ण नाव, त्यापुढे 'मिडी इम्प्लिमेंटेशन' हे दोन शब्द अवतरणचिन्हांत, आणि त्यापुढे 'फाइलटाइप', कोलन, 'पीडीएफ' हे मध्ये जागा न सोडता. निकालांत फुकट्या मॅन्युअल साइटींचा भडिमार झाला, तर 'साइट', कोलन आणि कंपनीच्या साइटचा पत्ता एवढं पुढे जोडा, म्हणजे फक्त कंपनीच्याच फाइली येतील. मिडी इम्प्लिमेंटेशन या शब्दांनी काही हाती लागलं नाही तर त्या जागी 'डेटा लिस्ट' टाकून बघा.

मॅन्युअल बाहेरच्या साइटवरून उतरवलं तर फारसं बिघडत नाही. ड्रायव्हर मात्र कंपनीच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या साइटशिवाय कुठूनही घेऊ नका. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिरवणाऱ्या साइटी त्या निमित्तानं तुमच्या कॉम्प्युटरमध्ये भलतंच काहीतरी भरतात.

उतरवलेल्या फाइलीत कंट्रोल आणि एफ दाबून 'मिडी' किंवा 'यूएसबी' शोधा. जुन्या वाद्यांची मॅन्युअलं नुसती स्कॅन केलेली असतात आणि त्यांत असा शोध चालत नाही. तेव्हा थेट शेवटच्या पानांवर जा. चार्ट जवळजवळ नेहमी तिथेच असतो.

पाचवी पायरी: चार्ट वाचायचा कसा

इथे थोडं थांबू, कारण कागद मिळूनही तो न वाचता आल्यामुळे हात टेकणारे खूप जण पाहिलेत.

चार्टला चार रकाने असतात. पहिल्यात गोष्टीचं नाव, दुसऱ्यात 'ट्रान्समिटेड', तिसऱ्यात 'रेकग्नाइज्ड', चौथ्यात शेरा. इंग्रजी ओ सारखा गोल म्हणजे होय, फुली म्हणजे नाही. दुसरा रकाना वाद्याच्या तोंडाचा आणि तिसरा कानाचा, हे एकदा डोक्यात बसलं की पान सोपं होतं.

एक ओळ जवळून पाहू. 'कंट्रोल चेंज' या भागात ६४ हा आकडा शोधा. ते सूर लांबवणारं सस्टेन पेडल. दोन्ही रकान्यांत गोल असेल, तर पेडल दाबल्याची खबर कॉम्प्युटरकडे जाते आणि कॉम्प्युटरनं परत पाठवली तर वाद्य ती मानतंही. त्याच भागात ७ म्हणजे आवाजाची पातळी, १० म्हणजे डावी-उजवी बाजू, ११ म्हणजे एक्स्प्रेशन, वाजवता वाजवता आवाज कमी-जास्त करणं. समजा ११ समोर पाठवण्याच्या रकान्यात फुली आणि ऐकण्याच्या रकान्यात गोल आहे. मग वाद्यावरून तो बदल रेकॉर्ड होणारच नाही, तो सॉफ्टवेअरमध्ये हातानं काढावा लागेल. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये दोन तास घालवण्याऐवजी ही एक फुली पाहिली असती तर काम झालं असतं.

फुली म्हणजे नेहमीच दोष नव्हे, हेही सांगायला हवं. 'व्हेलॉसिटी' (पट्टीचा जोर) या ओळीत 'नोट ऑफ' समोर कित्येक घरगुती की-बोर्डांत फुली असते आणि बाजूला '९एनएच, व्ही=०' अशी अक्षरं असतात. पट्टी सोडल्याची खबर वाद्य देतच नाही असा याचा अर्थ नाही. पट्टी सोडल्यावर ते तीच सुराची सूचना शून्य जोरानं पुन्हा पाठवतं, आणि मिडीच्या नियमांत शून्य जोर म्हणजे सूर बंद. वाद्य ठीक आहे.

तळाशी 'ऑक्स' या भागात 'लोकल ऑन-ऑफ' दिसेल. कॉम्प्युटर जोडल्यावर प्रत्येक सूर दोनदा, थोडा घुमल्यासारखा ऐकू येत असेल, तर कारण हेच. पट्टी दाबली की वाद्य स्वतः वाजतं, सूचना कॉम्प्युटरकडे जाते, कॉम्प्युटर ती परत पाठवतो आणि वाद्य पुन्हा वाजतं. वाद्याच्या मेन्यूत 'लोकल' बंद करायचं, नाहीतर सॉफ्टवेअरमधलं परत पाठवणं बंद करायचं. मेन्यूत ते कुठे आहे हे रेफरन्स मॅन्युअलमध्ये मिळेल.

आकड्यांचे दोन घोटाळे नवख्यांना फार छळतात. पहिला असा की मिडीत आवाजांचे नंबर शून्यापासून १२७ पर्यंत जातात, पण पुष्कळ मॅन्युअलांत आणि सॉफ्टवेअरांत ते १ ते १२८ असे छापतात. १९९१ च्या जनरल मिडी या सामायिक आवाजांच्या यादीत सतार १०५ वर आणि सनई ११२ वर आहे, पण प्रत्यक्ष पाठवला जाणारा आकडा १०४ आणि १११. सनईच्या जागी शेजारचा आवाज वाजला तर एकाचा फरक आधी तपासा. खास भारतीय आवाज मात्र या यादीबाहेरचे असतात. त्यासाठी डेटा लिस्टमध्ये त्या आवाजासमोर दिलेले बँकेचे दोन आकडे आणि प्रोग्रॅमचा आकडा, असे तिन्ही पाठवावे लागतात.

दुसरा घोटाळा सप्तकांचा. मधल्या सप्तकातली पांढरी एक मिडीत ६० नंबरची. तिला यामाहा सी-३ म्हणते आणि रोलंड सी-४. एका कंपनीचं मॅन्युअल आणि दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर समोर ठेवलं की सूर एक सप्तक सरकल्यासारखा वाटतो. नावं सोडा, नंबर धरा.

सहावी पायरी: ड्रायव्हर लागतो की नाही

मॅन्युअलमध्ये 'क्लास कम्प्लायंट' हे शब्द शोधा. यूएसबीवरून मिडी कशी चालावी याचा एक सामायिक नियम १९९९ साली ठरला. तो पाळणाऱ्या वाद्याला विंडोज, मॅक आणि लिनक्स आपणहून ओळखतात, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. काही वाद्यं दोन्ही पद्धतींनी चालतात. रोलंडच्या अनेक सिंथांत (सिंथेसायझरांत) 'यूएसबी ड्रायव्हर' नावाचं सेटिंग असतं, त्यात 'जेनेरिक' निवडलं तर कॉम्प्युटरचाच ड्रायव्हर आणि 'व्हेंडर' निवडलं तर रोलंडचा. बदल केल्यावर वाद्य बंद करून चालू करावं लागतं.

यूएसबीतून मिडी जाते, की वाद्याचा प्रत्यक्ष आवाजही जातो, हे मॅन्युअलमध्ये वेगळं पाहा. मिडी म्हणजे फक्त सूचना: कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली. वाद्यातला सुंदर आवाज त्या तारेतून जात नाही. आवाजही हवा असेल तर 'यूएसबी ऑडिओ' हा उल्लेख शोधा. तो नसेल तर लाइन आउट किंवा हेडफोनच्या भोकातून ऑडिओ इंटरफेसमध्ये वायर न्यावी लागेल.

सातवी पायरी: कागदावरचं पडताळून पाहा

वाद्य जोडल्यावर रेकॉर्डिंगचं मोठं सॉफ्टवेअर लगेच उघडू नका. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर आणि मॅकमध्ये ऑडिओ मिडी सेटअप उघडून वाद्याचं नाव दिसतं का पाहा. मग आलेली प्रत्येक सूचना जशीच्या तशी दाखवणारा छोटा प्रोग्रॅम लावा: विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, लिनक्सवर एसेक-डंप. मधली पांढरी एक दाबा. १४४, ६०, आणि जोराचा एखादा आकडा अशी ओळ दिसली पाहिजे. प्रोग्रॅम सोळाच्या पद्धतीनं लिहीत असेल तर तेच ९० आणि ३सी दिसेल. ओळ दिसली म्हणजे वाद्य, केबल आणि ड्रायव्हर हे तिघंही बिनदोष, आणि अडचण सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे. ओळच दिसली नाही तर सॉफ्टवेअरला हात न लावता दुसऱ्या पायरीवर परत जा. तपासून झालं की हा प्रोग्रॅम बंद करा, कारण विंडोजवर पुष्कळदा एका वेळी एकच प्रोग्रॅम मिडीचं दार उघडू शकतो.

मूळ नियम कुठे मिळतात

वाद्याच्या कागदात एखादा शब्द अडला तर सगळ्या कंपन्यांचा सामायिक नियम पाहायचा. तो मिडी असोसिएशनच्या मिडी डॉट ऑर्ग या साइटवर मिळतो, काही फाइलींसाठी फुकट खातं उघडावं लागतं. अख्खं स्पेसिफिकेशन वाचायची नवख्याला गरज नाही. सूचनांचा सारांश, कंट्रोल नंबरांची यादी आणि जनरल मिडीच्या आवाजांची यादी हे तीन तक्ते उतरवून ठेवा. २०२० साली मिडी २.० आली, पण घरातल्या बहुतेक वाद्यांसाठी १.० चेच कागद लागतात. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत अ‍ॅनाहाइमच्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून दाखवले गेले, आणि त्याच वर्षी नियम छापून आले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी तो नियम पाळला म्हणून त्या काळची वाद्यं आजच्या लॅपटॉपला जोडता येतात. याबद्दल मला त्या लोकांचं मनापासून कौतुक वाटतं.

आपल्या सुरांसाठी एक खास शोध

हार्मोनियमच्या साथीला किंवा रियाजाला की-बोर्ड घेणाऱ्यांनी कागदांत 'स्केल ट्युनिंग', 'मिडी ट्युनिंग' किंवा 'स्केल-ऑक्टेव्ह ट्युनिंग' हे शब्द अवश्य शोधावेत. की-बोर्डच्या बारा पट्ट्या समान अंतरावर लावलेल्या असतात. पांढरी एक सा धरला तर पांढरी तीनचा गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो (एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत १०० सेंट). ज्याचा कान तयार आहे त्याला तो बोचतो.

मिडीच्या सामायिक नियमात यासाठी एक सूचना आहे. तिच्यात बारा सुरांसाठी बारा आकडे असतात. ६४ म्हणजे सूर जागेवर, त्याहून कमी म्हणजे उतरता, जास्त म्हणजे चढा, आणि एका आकड्यामागे एक सेंट. गंधारासाठी ५० पाठवायचे, पंचमासाठी ६६. रोलंडच्या जीएस आणि यामाहाच्या एक्सजी पद्धतीत याच कामासाठी स्वतःच्या वेगळ्या सूचना आहेत, त्या त्या वाद्याच्या मिडी इम्प्लिमेंटेशनमध्ये मिळतात. यातलं कुठलंच नाव कागदात नसेल, तर वाद्याच्या मेन्यूत स्केल बदलायची सोय आहे का ते रेफरन्स मॅन्युअलमध्ये पाहा. की-बोर्ड अजून घ्यायचाच असेल तर दुकानात जाण्याआधी हा कागद उतरवून वाचा. ही सोय आहे की नाही हे विक्रेत्याला बहुधा सांगता येत नाही, कागद मात्र सांगतो.

जुनं वाद्य असेल तर

सेकंडहँड घेतलेल्या जुन्या यामाहावर आठ पिनांचं छोटं गोल 'टू होस्ट' भोक आणि शेजारी 'मिडी, पीसी-१, पीसी-२, मॅक' अशी खटकी दिसू शकते. ती यूएसबीच्या आधीच्या काळातली सिरीयल जोडणी. आज तिच्यासाठी केबल आणि ड्रायव्हर शोधत बसू नका. वाद्याला पाच पिनांची भोकंही असतील तर खटकी 'मिडी'वर ठेवा आणि साधा यूएसबी-मिडी इंटरफेस वापरा.

कंपनीनं जुन्या मॉडेलचं पान काढून टाकलं असेल किंवा कंपनीच बंद पडली असेल, तर इंटरनेट आर्काइव्हवर मॉडेलच्या नावानं शोधा. स्कॅन केलेली मॅन्युअलं तिथे भरपूर आहेत. पानाचा जुना पत्ता माहीत असेल तर तिथल्याच वेबॅक मशीनमध्ये तो टाकून पाहा, कधी कधी पीडीएफही जपलेली निघते. सापडलेली फाइल मॉडेलच्या नावासकट आपल्याकडे साठवून ठेवा, कारण आज आहे ते पान उद्या असेलच असं नाही.

एवढं करूनही नाही मिळालं तर कंपनीच्या सपोर्टला लिहा. 'माझा की-बोर्ड चालत नाही' असं लिहिलंत तर छापील उत्तर येईल. मॉडेलचं पूर्ण नाव, विंडोज किंवा मॅकची आवृत्ती, मागच्या कुठल्या भोकातून जोडलंय, डिव्हाइस मॅनेजरमध्ये काय दिसतं आणि मिडी-ऑक्समध्ये ओळ येते की नाही, हे लिहा. आणि शेवटी नेमकं मागा: 'या मॉडेलचा मिडी इम्प्लिमेंटेशन चार्ट आणि डेटा लिस्ट पाठवा.'